दोन काका आणि एक वाटा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय जरा जड आहे, पण आमच्या घरात तो कधी जड वाटला नाही. चहाबरोबर यायचा आणि माशाच्या आमटीपर्यंत चालायचा.

आमच्याकडे, म्हणजे मालवणात, "अर्थव्यवस्था" हा शब्द पेपरात येण्याच्या आधीपासून घरात होता. फक्त त्याला आम्ही "मनिऑर्डर" म्हणायचो. महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन आला की घर चालायचं. नाही आला की उसनवारी चालायची. परळ-लालबागच्या गिरणीचा भोंगा आणि आमच्या चुलीवरचा भात यांचं नातं समजायला कुठला जाडजूड ग्रंथ वाचावा लागला नाही. कोकणातली निम्मी माणसं हे नातं पोटाने शिकली.

आमच्या घरात दोन काका. थोरले भाई आणि धाकटे अप्पा. (नातेवाईक वाचताहेत, त्यांना ओळख सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढं पुरे.) भाई मालवणात शाळामास्तर, सेवादलाचे, अर्ध्या बाहीचा खादीचा सदरा आणि खांद्याला शबनम. अप्पा गिरणीत, साच्यावर, लाल बावट्याचे. दोघेही स्वतःला डावे म्हणवायचे आणि दोघेही एकमेकांना डावा मानायला तयार नसायचे! गणपतीला अप्पा मुंबईहून आले की पहिल्या दिवशी आरती, दुसऱ्या दिवशी उंदरीचे लाडू आणि तिसऱ्या दिवसापासून समाजवाद. आई म्हणायची, "गणपती दीड दिवसाचो, पण ह्यांचो समाजवाद अकरा दिवसांचो."

भाईंचं दैवत दोन. बॅरिस्टर नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते. जुना राजापूर लोकसभा मतदारसंघ (२००९ पासून तो नावानेही उरला नाही, रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला) १९५७ पासून १९९१ पर्यंत सलग या दोघांकडे होता. नाथ पै वेंगुर्ल्याचे, तीनदा निवडून आले आणि जानेवारी १९७१ मध्ये खासदार असतानाच गेले. त्यानंतर मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे दंडवते आले, ते पाच निवडणुका जिंकले. देशभर काँग्रेसच्या लाटा येऊन गेल्या, १९७१ ची आली, १९८४ ची आली, आणि आमच्या लाल मातीवरून मागे फिरल्या. ज्यांच्याकडे ना साखर कारखाने, ना मोठ्या गिरण्या, ना मोठे शेतकरी, त्या भागाने समाजवादी का निवडून दिले? भाईंचं उत्तर तयार असायचं, "कारण इथला माणूस विचार करतो." अप्पांचं उत्तर त्याहून तयार, "कारण हंय विकत घेण्यासारख्या काय नाय."

मला स्वतःला अप्पांचं उत्तर जास्त पटतं. मनिऑर्डरवर जगणाऱ्या गावात स्थानिक मालक नसतो. मालक चारशे-पाचशे किलोमीटर लांब मुंबईत. त्यामुळे गावात भाषण ऐकायला मोकळीक. मालकाची भीती नाही, मालकाशी भांडायची सोयही नाही.

नाथ पैंचं ते गाजलेलं विधेयक भाई आम्हाला शाळेतल्या कवितेसारखं सांगायचे. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही. त्या हक्कांत मालमत्तेचा हक्कही होता. म्हणजे जमीनसुधारणा पुन्हा कोर्टात अडकणार. नाथ पैंनी संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार परत मिळवण्यासाठी खासगी विधेयक आणलं. त्यांच्या हयातीत ते मंजूर झालं नाही, त्यांच्या पश्चात १९७१ मध्ये २४ व्या घटनादुरुस्तीने तेच झालं. पुढे १९७८ मध्ये जनता सरकारच्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतूनच गेला. भाई इथे थांबून सगळ्यांकडे बघायचे. अप्पा शांतपणे विडी विझवून म्हणायचे, "माझी मालमत्ता म्हणजे लालबागच्या खोलीतली एक ट्रंक. ती सरकारान घेतली तरी माझी काय हरकत नाय."

आता हे सगळं विनोदी वाटतं. पण या दोघांच्या भांडणात एक खरा प्रश्न होता आणि तो मला फार उशिरा कळला. भाईंना विचारायचं असायचं, ही वस्तू कुणाच्या मालकीची? जमीन, समुद्र, रेल्वे, बँक. अप्पांना विचारायचं असायचं, इथे मजुरी कोण करतो आणि त्याच्या हातात काय पडतं? वरवर एकच प्रश्न वाटतो. नाही. दोन वेगळे आहेत, आणि कधीकधी त्यांची उत्तरं एकमेकांच्या उलटी येतात.

रेल्वेचंच बघा. १९७७ मध्ये दंडवते रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या संपात काढून टाकलेल्या रेल्वे कामगारांना परत घेतलं, आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम बसवायला सुरुवात केली. आज स्लीपरच्या डब्यात ज्या गादीवर आपण पाठ टेकतो ती तिथून आली. भाईंच्या मते भारतातल्या समाजवादाचं एवढं मऊ आणि एवढं ठोस उदाहरण दुसरं नाही. (यात मी भाईंच्या बाजूने आहे. ज्यांनी लाकडावर झोपून मुंबई ते दिल्ली प्रवास केलाय त्यांना विचारा.) अप्पा म्हणायचे, "रे, फोम बरो. पण त्या फोमार झोपणाऱ्याच्या पगाराचा काय?"

मग १९९०. व्ही. पी. सिंग सरकारात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. कोकणासाठी असा योग पुन्हा येणार नव्हता आणि आलाही नाही. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झालं. पण पैसा? सरकारी तिजोरीत तेव्हा खडखडाट. मग जो मार्ग काढला तो बघण्यासारखा आहे. भांडवलात ५१ टक्के रेल्वेचे, २२ महाराष्ट्राचे, १५ कर्नाटकाचे, गोवा आणि केरळचे सहा-सहा. आणि उरलेला मोठा पैसा बाजारातून, रोखे विकून! ज्या फर्नांडिसांनी १९७७ मध्ये उद्योगमंत्री म्हणून कोकाकोलाला देशाबाहेरचा रस्ता दाखवला, त्यांच्याच कारकिर्दीत समाजवाद्यांची स्वप्नातली रेल्वे भांडवलबाजारातल्या कर्जावर उभी राहिली. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकुरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदहून जास्त बोगदे, इ. श्रीधरन यांची देखरेख, आणि २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग खुला. मालवणला स्टेशन नाही ते नाहीच, आम्ही अजून कुडाळला नाहीतर कणकवलीला उतरतो. असो.

त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात दंडवत्यांनी आणखी दोन गोष्टी केल्या. दहा हजारांपर्यंतची ग्रामीण कर्जं माफ करण्याची योजना, आणि सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द. पहिली समाजवाद्याला शोभणारी. दुसरी मात्र बाजार मोकळा करणारी. मोरारजींनी १९६३ मध्ये आणलेल्या निर्बंधांनी गावोगावच्या सोनारांचा धंदा बसवला होता, सोनं काही लोकांनी घ्यायचं थांबवलं नव्हतं, फक्त चोरटं झालं होतं. अप्पांनी भाईंना कोपऱ्यात पकडलं, "म्हणजे बाजार खुलो केलो काय तुझ्या दंडवत्यान?" भाई म्हणाले की गरीब सोनाराला पोलिसांच्या धाडीतून सोडवणं म्हणजे भांडवलशाही नव्हे. मला वाटतं भाई बरोबर होते. बाजार मोकळा करणं आणि बाजाराला सगळं सोपवणं यात अंतर आहे. पण हे अंतर कुठे संपतं हे कुणीच फळ्यावर आखून देत नाही.

याच सोन्याची पुढची गोष्ट तर एखाद्या लेखकाने रचावी अशी. वर्षभरात, मे १९९१ मध्ये, चंद्रशेखर सरकारच्या काळात परकीय चलन संपलं म्हणून २० टन सोनं स्विस बँकेकडे गेलं. जुलैमध्ये नरसिंह रावांच्या सरकारात आणखी सुमारे ४७ टन इंग्लंडच्या बँकेकडे गहाण. चंद्रशेखर जुने समाजवादी, त्यांचे अर्थमंत्री यशवंत सिन्हा. आणि २४ जुलैला मनमोहन सिंगांचा तो अर्थसंकल्प. त्याच उन्हाळ्यात राजापुरात दंडवते हरले. भाईंनी त्या रात्री जेवण केलं नाही. मी त्या वेळी कॉलेजात होतो. आम्हा पोरांना दोन्ही गोष्टींचं विशेष काही वाटलं नाही. आम्हाला वर्ल्ड कप रंगीत टीव्हीवर बघायचा होता.

भाई त्यानंतर "जागतिकीकरण" हा शब्द शिव्यांसारखा वापरायला लागले. अप्पांना त्यात नवीन काही दिसत नव्हतं. ते १९८४ मध्येच गावी परतले होते, ट्रंक घेऊन. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला दत्ता सामंतांचा संप कुणी मागे घेतल्याचं जाहीर केलंच नाही, त्यामुळे अप्पा म्हणतात ते एका अर्थी अजून संपावर आहेत. अडीच लाख गिरणी कामगार, त्यातले किती कोकणातले याचा हिशेब पोस्टमनच देऊ शकला असता. १९८३ मध्ये सरकारने १३ गिरण्या ताब्यात घेतल्या. भाईंनी मोठ्या आशेने पत्र लिहिलं, "राष्ट्रीयीकरण झालं!" अप्पांनी उलट टपाली कार्ड पाठवलं. त्यात एवढंच होतं की मालक बदललो, साचो बंदच आसा. ते कार्ड मी पाहिलंय.

म्हणून म्हणतो, १९९१ हा सगळ्यांचा वर्षारंभ नाही. दिल्लीत बसून लिहिणाऱ्या उजव्या-डाव्या दोघांनाही ते वर्ष फार आवडतं. एकाला तिथे पहाट दिसते, दुसऱ्याला अंधार. आमच्या घरात अंधार त्याआधी आठ वर्षं पडला होता, आणि तो देशी मालक, देशी कायदा आणि देशी सरकार यांनी मिळून पाडला होता. जागतिक भांडवलाने आमच्या दारात पाय ठेवला तो नंतर, आणि वेगळ्याच वाटेने. समुद्रातून.

गावी आल्यावर अप्पा काय करणार? रापणीला गेले. ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण दांडीच्या किनाऱ्यावर हल्ली पॅरासेलिंगच जास्त दिसतं. होडीतून लांबच लांब जाळं अर्धगोलात समुद्रात सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्ही बाजूंनी पन्नास-साठ माणसांनी तासन् तास ओढायचं. त्यात किनाऱ्याकडे आलेला बांगडा, तारली, जे असेल ते. जाळं एकट्याचं नसतं, संघाचं असतं. मिळकतीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. आणि आमच्याकडची पद्धत अशी की सभासद नसलेल्या कुणीही दोरीला हात लावला, अगदी पोराने, तरी त्याच्या हातावर चार मासे पडायचे. मी लहानपणी असे कितीतरी बांगडे "कमावलेत". वजनाच्या मानाने माझा दोरीवरचा जोर काय असेल ते सोडा :)

भाईंना रापण म्हणजे प्रत्यक्षातला समाजवाद वाटायचा. अप्पा स्वतः ओढत होते, त्यामुळे त्यांना तसं काही वाटत नव्हतं. "जाळ्याचो वाटो मोठो, आंगाचो बारीक", हे ते रोज बघत होते.

आता हे बघा. केरळात कोल्लमजवळ १९५२ पासून नॉर्वेच्या मदतीने एक प्रकल्प सुरू झाला. हेतू चांगला, गरीब मच्छीमारांचं उत्पन्न वाढावं. निघालं काय, तर ट्रॉलर आणि परदेशात जाणारी गोठवलेली कोळंबी. कोळंबीला डॉलर मिळतात म्हटल्यावर सगळ्या किनारपट्टीवर सरकारी कर्जं आणि अनुदानं ट्रॉलरकडे वळली. १९७० च्या दशकात शेजारच्या गोव्यात रापणकार विरुद्ध ट्रॉलरवाले असा संघर्ष पेटला. 'गोंयच्या रामपोणकारांचो एकवट' आणि माथानी साल्ढाणा ही नावं तेव्हा मालवणातही माहीत होती. त्यातूनच १९७८ मध्ये मच्छीमारांचं राष्ट्रीय पातळीवरचं संघटन उभं राहिलं. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा, म्हणजे आपला सिंधुदुर्ग जिल्हा झाला त्याच वर्षीचा.

मग १९९१ चं खोल समुद्रातल्या मासेमारीचं धोरण. संयुक्त उपक्रमाच्या नावाने परदेशी जहाजांना आपल्या समुद्रात परवाने. इथे मात्र गंमत झाली. जे ट्रॉलरवाले आणि रापणकर एकमेकांची जाळी कापत होते, ते एका बाजूला आले! १९९४ मध्ये देशभराच्या किनाऱ्यांवर मच्छीमारांनी बंद पाळला, थॉमस कोचेरी यांच्यासारखे नेते पुढे होते. सरकारला मुरारी समिती नेमावी लागली, आणि १९९६ मध्ये समितीने सांगितलं की हे परवाने रद्द करा आणि नवे देऊ नका. जागतिक भांडवलाविरुद्ध या देशात ज्या थोड्या लढाया खरंच जिंकल्या गेल्या त्यातली ही एक. शेजारी गुहागरात एन्रॉनविरुद्ध मृणाल गोरे आणि इतर लढत होत्या, तिथे लाठ्या खाल्ल्या आणि तरी प्रकल्प उभा राहिला, २००१ मध्ये बंद पडला तो स्वतःच्या महाग विजेच्या ओझ्याने. मच्छीमारांनी मात्र धोरण मागे रेटलं. पण कौतुक एन्रॉनचंच जास्त होतं, कारण त्यावर लेख लिहिणारे इंग्रजी येणारे होते. (हे जरा कडू झालं, पण राहू दे.)

भाई त्या दिवसांत दहा वर्षांनी तरुण दिसायचे. एकजूट, एकजूट. अप्पांनी एकच वाक्य टाकलं, "भायली बोट गेली काय हे परत एकमेकांच्या उरार बसतले."

बसले. पर्ससीन आलं. मोठ्या थव्याभोवती जाळ्याची भिंत फिरवायची आणि तळातल्या कड्यांतून गेलेला दोर ओढून बटव्याची नाडी आवळावी तसं खालून बंद करायचं. अख्खा थवा आत. तोच बांगडा, तीच तारली, जी किनाऱ्याला आली असती तर रापणीत आली असती. पाठोपाठ कर्नाटकातल्या मलपीकडचे वेगवान ट्रॉलर, मग रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करणं. समुद्रात दगडफेक, बोटी पकडून आणणं, मोर्चे, गुन्हे. सोमवंशी समितीच्या अहवालावरून फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर बंधनं घातली. हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच, नवे परवाने नाहीत, आणि असलेले टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यातला दंड लाखांत नेला. कागदावर सगळं आहे. समुद्रावर गस्तीला किती बोटी असतात ते आमच्या किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

इथे डाव्या विचाराची खरी अडचण होते. मुरारी समितीच्या वेळी शत्रू सोपा होता, परदेशी झेंड्याचं जहाज. पर्ससीनवाला कोण? तोही आपल्यातलाच. बऱ्याचदा त्याच जातीतला, कधी त्याच वाडीतला, सोसायटीचा सभासद, डिझेलचा परतावा त्यालाही मिळतो. त्याने घेतलेल्या तारलीचा काही भाग फिशमीलच्या कारखान्यात जातो, तिथून कोळंबीच्या तळ्यात खाद्य म्हणून, आणि ती कोळंबी अमेरिकेला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं तेव्हा कोळंबीवाले हादरले. म्हणजे आमच्या किनाऱ्यासमोरचा थवा आणि वॉशिंग्टनमधली सही एकाच दोरीत ओवलेली. आणि जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेत मच्छीमारीच्या अनुदानावर चर्चा चालते, २०२२ मध्ये करार झाला, तो सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. जादा मासेमारीच्या अनुदानांचा पुढचा भाग अजून वादात आहे, भारताने त्यात विकसनशील देशांसाठी २५ वर्षांची मुदत मागितली. मागणी योग्यच, कारण समुद्र ओरबाडला तो आधी श्रीमंत देशांनी. पण त्या "विकसनशील" शब्दाच्या छत्रीखाली रापणकर आणि पर्ससीनचा मालक दोघेही उभे आहेत. छत्री लहान आहे, कोण भिजणार हे सांगायला नको.

केरळातल्या डाव्यांना हेच कोडं पडलं होतं. पावसाळ्यात ट्रॉलर बंद ठेवा अशी पारंपरिक मच्छीमारांची मागणी, पण ट्रॉलरवर आणि कोळंबी सोलणीच्या शेडमध्ये राबणारे तेही कामगारच. शेवटी १९८८ मध्ये नायनार यांच्या डाव्या सरकारने पावसाळी बंदी घातली. ती घालायला डाव्या सरकारलाही लोकांनी रस्त्यावर येऊन ढकलावं लागलं हे विसरू नये.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण घरचं आहे. माझा आतेभाऊ (तो वाचणारच आहे, म्हणून जपून लिहितो) आठ-दहा जणांना घेऊन परवाना असलेल्या एका पर्ससीन बोटीत भाग घेतोय. बेकायदा काही नाही, कागद चोख. त्याने मला विचारलं, चार लाख घाल, चार महिन्यांच्या हंगामात बँकेपेक्षा कितीतरी जास्त सुटेल. तुला काही करायचं नाही, पुण्यात बसून रहा. त्याची बाजूही सांगितली पाहिजे. बापाचा रापणीतला वाटा त्याने बघितलाय, अख्खा दिवस ओढून संध्याकाळी पिशवीभर मासे. दोन मुलं इंजिनियरिंगला. "तुम्ही पुण्यात आयटीत अमेरिकन कंपनीचो पगार घेतास तां चलता, आणि आमी जाळां मोठा केला की भांडवलदार?" असं तो म्हणाला. या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं आणि अजून नाही.

भाई २००९ मध्ये गेले. ते असते तर काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे. समुद्र कुणाचा, हे विचारलं असतं. रापणीचा घास काढून घेणाऱ्या जाळ्यात घरचा पैसा नको. विषय संपला.

अप्पा आहेत. ऐंशी ओलांडली, कान गेलेत, वाद घालायची हौस शाबूत. गिरणी कामगारांच्या घरासाठी दोनदा फॉर्म भरला, सोडतीत नाव आलं नाही, तरी पावत्या त्या ट्रंकेत जपून ठेवल्यात. मला वाटलं तेही नको म्हणतील. त्यांनी वेगळंच विचारलं.

"बोटीर खलाशी किती?"

मी म्हटलं, पंचवीस-तीस असतील.

"खंयचे?"

हल्ली आमच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या बोटींवर खलाशी नेपाळचे असतात, नाहीतर उत्तरेकडचे. गावातली पोरं स्कुबा, होमस्टे किंवा मुंबईला. नेपाळहून आलेला मुलगा ज्याने आयुष्यात समुद्र पाहिला नाही, तो सप्टेंबरच्या उधाणात जाळं ओढतो आणि फोनवरून घरी पैसे पाठवतो. मनिऑर्डरच ती, फक्त पोस्टमन नाही.

"त्येंका वाटो की पगार?" अप्पांनी विचारलं.

मी आतेभावाला फोन लावून विचारलं. तांडेलाला वाटा, बाकीच्यांना पगार, आधी उचल दिलेली असते, ती हंगामभर फिटते.

अप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मोर्चे काढल्यानी, कायदे केल्यानी, रापणवाल्याक इचारल्यानी, पर्ससीनवाल्याक इचारल्यानी. खलाशाक कोणी इचारल्यान?"

मी त्यांना म्हटलं की भाई असते तर म्हणाले असते, आधी समुद्र वाचवूया, खलाशी वाचेल. अप्पा म्हणाले की गिरण्यांच्या वेळीही असंच ऐकलं होतं, आधी गिरणी वाचवूया. गिरणीच्या जागेवर १९९१ च्या नियमाप्रमाणे एक भाग घरांसाठी म्हाडाला जायचा होता. २००१ मध्ये नियमाचा अर्थ बदलला आणि त्या भागाचा जीव गेला. "वाचली ती जमीन", अप्पा म्हणाले, मराठीत, म्हणजे गंभीरपणे.

मला इथे भाई आणि अप्पा दोघांशीही थोडं भांडायचंय. भाईंचा प्रश्न पहिला हे खरं, कारण मासळीच उरली नाही तर वाटा कशाचा आणि पगार कशाचा. तारली एकेका वर्षी कशी गायब होते हे आपण पाहिलंय. पण समुद्र सगळ्यांचा म्हणताना त्या "सगळ्यां"मध्ये सोसायटीच्या वहीत ज्याचं नाव नाही तो येत नाही, हे भाईंच्या पिढीला दिसलं नाही. आणि अप्पांच्या लाल बावट्याने जगभरच्या कामगारांना एक व्हा सांगितलं, पण रापण ओढणारा, ज्याच्याकडे जाळ्याचा शंभरावा हिस्सा आहे, तो मालक की मजूर, हे त्यांना कधी नीट सांगता आलं नाही. त्याला दोन्हीकडे ढकललं, आणि तो शेवटी तिसऱ्याच झेंड्याकडे गेला. १९९१ नंतर आमच्या मतदारसंघात डावं कुणी निवडून आलं नाही, त्याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं. दुसरी कारणं बरीच आहेत, त्यांची नावं घेऊन पुढच्या गणपतीत घरात भांडण नको.

आतेभावाला मी गेल्या आठवड्यात कळवलं. भाग घेत नाही. दोन लाख हातउसने देतो, बिनव्याजी, मुलांच्या फीसाठी, ते बोटीत घालू नकोस. तो अर्थातच रागावला. म्हणाला, पैसे पैशासारखेच असतात, फीचे काय आणि बोटीचे काय, तिकडचे इकडे होतात. बरोबरच आहे त्याचं.

मग मी विचारलं, खलाशांना पगाराऐवजी वाटा देता येईल का, निदान अर्धा पगार, अर्धा वाटा? हसला. म्हणाला, जे दहा जण पैसे घालताहेत त्यांना मी हे सांगू? पण फोन ठेवता ठेवता म्हणाला की रत्नागिरीकडे एक-दोन बोटी तसं करतात असं ऐकलंय, तांडेलाला विचारून बघतो. विचारतो की नाही ते दिवाळीपर्यंत कळेल.

अप्पांना हे ओरडून सांगितलं. त्यांनी विचारलं, उचल किती देतात ते विचारलंस का? नव्हतं विचारलं. उद्या फोन करतो.